उपासमारीत डोक्याचं काय होतं? (मिनेसोटाचे ३६ जण, आणि पुढे)

गोणपाट

डाएटच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की भूक ही मनाची सवय आहे, मन घट्ट केलं की जाते. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतो. हा धागा वजन उतरवण्याबद्दल नाही. महिनोन्‌महिने पोट अर्धं राहिलं की माणसाच्या स्वभावाचं काय होतं, त्याबद्दल आहे. यावर बारकाईने मोजमाप झालेला एक जुना प्रयोग आहे, तिथून सुरुवात करू.

साल १९४४. युरोपात युद्ध चालू, शहरंच्या शहरं उपाशी. युद्ध संपल्यावर या लोकांना खायला कसं घालायचं, याची नेमकी माहिती कुणाकडेच नव्हती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जांखाली अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. (अमेरिकन सैनिकांचं ते प्रसिद्ध पाकीटबंद जेवण, 'के रेशन', याच कीजनी तयार केलेलं.) त्यांनी ३६ तरुण निवडले, वय २२ ते ३३. सगळे धट्टेकट्टे आणि सगळे स्वेच्छेने आलेले. धर्माच्या वा विवेकाच्या कारणाने बंदूक धरायला नकार दिलेली ही मंडळी. लढत नाही, पण लोकांच्या उपयोगी पडू, हा त्यांचा विचार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१९ नोव्हेंबर १९४४ पासून १२ आठवडे दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरींचं पोटभर जेवण, म्हणजे मूळ मोजमाप पक्कं. १२ फेब्रुवारी ते २८ जुलै १९४५, म्हणजे २४ आठवडे, सरासरी सुमारे १,५७० कॅलरी. जेवण दोनच वेळा : ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. युद्धात युरोपातल्या माणसाच्या ताटात जे पडत होतं तेच. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं. वजन चौथाईने उतरवायचं ठरलेलं. ज्याचं कमीजास्त होई त्याच्या ब्रेड-बटाट्यात फेरफार. सरासरी वजन सुमारे ६९ किलोवरून ५३ च्या आसपास आलं. त्यानंतर १२ आठवडे मापून वाढवलेलं जेवण.

शरीराचं जे झालं ते अपेक्षितच होतं. नाडी मंदावली, पायावर सूज आली, स्वस्थ पडल्यावर शरीर जी ऊर्जा वापरतं ती जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आली. ऐन जुलैत हे लोक थंडी वाजते म्हणून जादा पांघरूण मागत. मनाचं जे झालं ते मात्र कुणी इतकं धरलं नव्हतं. ते पुढच्या प्रतिसादात, हात दुखला.

चतकोर

वाचतोय. एक शंका. १,५७० कॅलरी म्हणजे उपासमार कशी? डाएटच्या धाग्यावर तर १,२०० सर्रास सांगतात.

गोणपाट

@चतकोर, आकडा एकटा वाचू नका. ३,००० च्या वर खर्च असलेला तरुण पुरुष, रोजची पायपीट, आणि हे सलग २४ आठवडे. रोज निम्मी तूट. बैठं काम करणाऱ्या लहान चणीच्या व्यक्तीला तोच आकडा वेगळा. आणि सर्रास सांगतात म्हणून १,२०० बरोबर ठरत नाही, पण तो वाद तिकडेच राहू दे.

आता मन.

पहिल्या काही आठवड्यांतच बोलणं अन्नावर येऊन थांबायला लागलं. युद्ध, राजकारण, मुली हे सगळे विषय एकेक करून गळाले. पाककृतींची पुस्तकं वाचणं सुरू झालं, आणि तेही जे आधी कधी स्वैपाकघरात डोकावले नव्हते त्यांचं. एकाकडे तर अशी शंभराच्या घरात पुस्तकं जमली. सिनेमा पाहताना गोष्टीपेक्षा पडद्यावरचं जेवण लक्षात राही.

ताटावरची वागणूक बघण्यासारखी आहे. सुरुवातीला ताट आलं की फस्त. मग उलटं झालं. वीस मिनिटांचं जेवण दोन-दोन तास पुरवायचं. बटाटा कुस्करायचा, सूपमध्ये कालवायचा, वर पाणी ओतून पातळ करून 'जास्त' करायचा, मीठ-मसाला एरवी कुणी घालणार नाही इतका घालायचा, घास तोंडात घोळवत ठेवायचा. शेवटी ताट चाटायचं. सगळ्यांदेखत, आणि त्यात कुणाला काही वाटेनासं झालं. शेजारचा कसा खातो याचा राग यायचा. सांडलं, टाकलं तर अंगाचा तिळपापड. कॉफी-चहा इतका वाढला की कॉफीला दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. च्युइंगगमचा तर कहर : एक जण दिवसाला चाळीस पाकिटांपर्यंत गेला.

साठवण सुरू झाली, तीही अन्नाची नव्हे. जुन्या वस्तूंच्या दुकानातून तवे, चमचे, कसलीही मोडकी चीजवस्तू आणायची. आणल्यावर 'हे मी का आणलं' असं स्वतःलाच कळायचं नाही.

आणि सगळ्यावर एक राख बसल्यासारखं. विनोद संपला. माणसं एकेकटी राहू लागली. कामेच्छा जवळपास नाहीशी झाली. युद्धानंतर परदेशी मदतकार्याला जायचं म्हणून सुरू केलेले अभ्यासवर्ग हळूहळू ओस पडले. मानसिक चाचण्यांत औदासीन्य, शरीराच्या तक्रारी आणि हिस्टेरिया यांचे गुण चढले. चोरून खाण्याचे प्रकार झाले, म्हणून पुढे कुणी एकट्याने बाहेर जायचं नाही, जोडीदार हवाच, असा नियम आला. ३६ पैकी ३२ जणांची माहिती शेवटपर्यंत धरता आली.

आता वर ध्यानात ठेवा म्हटलं ते. ही माणसं तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करलेली होती, निवडून घेतलेली होती. मन यांच्याहून घट्ट कुठून आणायचं? तीच माणसं चोरून खाऊ लागली, मित्रावर डाफरू लागली, दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल थंड झाली. ते वागणं तुटीतून आलं होतं, वृत्तीतून नव्हे. अख्ख्या धाग्यात मला म्हणायचं आहे ते एवढंच.

अधेली

छान लिहिताय. बुद्धी मंद होते का हो? 'उपाशी पोटी गणित येत नाही' वगैरे.

वैदू

@अधेली, इथे गंमत आहे. ते लोक म्हणत, लक्ष लागत नाही, डोकं चालत नाही. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तर गुणांत म्हणण्यासारखी घट नव्हती. ऐकण्याची तीक्ष्णता तर थोडी वाढलेली आढळली. म्हणजे यंत्र शाबूत होतं; ते सुरू करायची इच्छा आणि ते दुसऱ्या कशाकडे वळवायची मोकळीक राहिली नव्हती. एरवी इकडेतिकडे फिरणारं लक्ष एकाच खुंट्याला बांधलं गेलं.

हे धडधाकट प्रौढांबद्दल हं. लहान मुलाचा मेंदू घडत असतो, तिथे हिशोब वेगळा. त्यावर खाली लिहितो.

कारणांबद्दल थोडं, कारण १९४५ साली कीजना हे दिसत होतं पण का ते सांगता येत नव्हतं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण स्वस्थ असताना ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो खातो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात (हे १९९४ साली सापडलं). जेवण तुटलं की चरबी उतरण्याच्या कितीतरी आधी लेप्टिन कोसळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, त्याला ही खबर लागते आणि तो काटकसर लावतो. थायरॉइडचं काम मंद, म्हणून थंडी आणि सुस्ती. प्रजननाची संप्रेरकं बंद, म्हणून ती इच्छा मेलेली. भूक चेतवणाऱ्या पेशी मात्र सतत जाग्या. 'मन घट्ट करा' हा सल्ला या पेशींपर्यंत पोचत नाही.

कुरमुरा

मग आपले उपवास? नवरात्रात नऊ दिवस करणारे लोक तर म्हणतात मन प्रसन्न राहतं.

अधेली

एकादशी, दुप्पट खाशी 😀 साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. त्याला कीजनी प्रयोगात घेतलं नसतं.

वैदू

@कुरमुरा, तीन फरक आहेत. एक, मुदत. नऊ दिवस आणि चोवीस आठवडे यांची तुलना होत नाही. दोन, शेवटची तारीख हातात आहे आणि पारण्याला काय रांधायचं ते ठरलेलं आहे. तीन, चूल पेटवायची की नाही हे आपल्या हातात आहे. मिनेसोटातल्या लोकांनाही २८ जुलै ही तारीख माहीत होती, डॉक्टर शेजारी होते, बॉम्ब पडत नव्हते, डोळ्यांदेखत मूल भुकेने जात नव्हतं. तरी ही गत. खऱ्या दुष्काळात याच्यावर भीती, रोगराई आणि शोक चढतो. म्हणून या प्रयोगाचे निष्कर्ष सौम्य बाजूचे समजावेत. शिवाय सगळे तरुण पुरुष. बायका, म्हातारी माणसं, मुलं कुणीच नव्हतं.

दप्तरी

आकडेमोडीत जीव रमणाऱ्यांसाठी एक जोड देतो. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी खाली आणली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणाभर. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅमला सुमारे ३४५ कॅलरी धरा, गुणाकार होतो जवळपास १,५७०. बरोब्बर मिनेसोटाचा आकडा! योगायोगच, पण अंगावर काटा येतो. त्या आण्यात मीठ, मिरची, सरपण, डाळ काय ते बसवायचं, आणि काम काय, तर माती खणणं आणि खडी फोडणं. बायका-मुलांना याहून कमी. मिनेसोटात आठवड्याला ३५ किलोमीटर चालणाऱ्याला दिलेलं अन्न तिथे दिवसभर पहार मारणाऱ्याला.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर (सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अधिकारी) डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. आपल्याकडे सोलापूर, पुणे, सातारा हा पट्टा होरपळत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. त्या काळच्या सरकारी कागदांत मजुरांच्या 'आळसा'बद्दलच्या तक्रारी भेटतात. गोणपाट यांचा वरचा प्रतिसाद वाचून त्या वाचल्या की 'आळस' या शब्दाचा अर्थच बदलतो.

चतकोर

@दप्तरी, हे भारी आहे. शंका मागे घेतली.

जेवण परत सुरू झाल्यावर मन कधी ताळ्यावर आलं? आठवडाभरात?

गोणपाट

नाही ना. सगळ्यात चुकीचा अंदाज इथेच होतो.

पुढच्या १२ आठवड्यांत चार गट केले. उपासमारीच्या आहारावर कुणाला ४००, कुणाला ८००, कुणाला १,२००, कुणाला १,६०० कॅलरी जादा. त्यातही काहींना जादा प्रथिनं, काहींना जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ४०० वाल्यांची प्रकृती हलेचना. गोळ्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. कीज यांचं अनुमान : सावरायला प्रौढ माणसाला काही महिने दिवसाला ४,००० कॅलरींच्या आसपास लागतात. मदतीचं धान्य 'जगण्यापुरतं' मोजणाऱ्यांना हा आकडा पचणारा नव्हता.

आणि मन? या टप्प्यात चिडचिड आणि निराशा कित्येकांची आणखी वाढली. उपाशी असताना भांडायचंही त्राण नव्हतं, ते आता आलं. आता सगळं ठीक होणार ही आशा होती, आणि ताट तर अजून मापून येत होतं. एकाने याच काळात कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटं तोडली. मुद्दाम की अपघाताने, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही.

मोकळं खायला मिळाल्यावर काही जण दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खात आणि पोट तट्ट फुगलेलं असतानाही भूक लागलीय म्हणत. बहुतेकांचं खाणं सुमारे पाच महिन्यांत मार्गी लागलं, काहींचं त्यानंतरही नाही. वजन मूळच्या वर सुमारे दहा टक्क्यांपर्यंत गेलं आणि मग हळूहळू उतरलं.

वैदू

याचं कारण १९९७ साली अब्दुल दुल्लू आणि सहकाऱ्यांनी याच जुन्या आकड्यांवरून दाखवलं. चरबी आधी भरून येते, स्नायू मागे राहतो. भुकेची घंटा नुसत्या चरबीने थांबत नाही, मांस पुरतं भरेपर्यंत वाजत राहते. तोवर चरबी मूळच्या वर गेलेली असते. म्हणजे 'आता वजन आलं ना, मग हावरटपणा कशाला' हे बोलणं शरीराच्या दृष्टीने अवेळी आहे.

भूक असूनही जेवण तोडणाऱ्या आजारात (अ‍ॅनोरेक्सिया) हाच धडा वापरतात. जेवण चिवडणं, दोन तास लावणं, पाककृती जमवणं, एकलकोंडेपणा, यातलं बरंचसं आजाराच्या मुळातलं नसून उपासमारीचं असतं. मिनेसोटात तर काहींना स्वतःचं हडकलेपण जाणवेनासं झालं; उलट प्रयोगशाळेतली धडधाकट माणसंच लठ्ठ वाटायची. म्हणून आधी वजन भरून आणायचं. समुपदेशन बरोबर चालू ठेवायचं, पण ते मनात उतरायला मेंदूला आधी खायला मिळालं पाहिजे.

कुरमुरा

म्हणजे उपाशी माणूस दिसला की भरपूर वाढायचं?

वैदू

अजिबात नाही! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. अगदी खंगलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पोटभर वाढणं जिवावर बेतू शकतं.

होतं असं की उपाशी शरीर चरबीवर चाललेलं असतं. एकदम भात-साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. रक्तात त्यांचा खडखडाट. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू दमतात. बी-१ (थायमिन) आधीच तळाला गेलेलं असतं, तेही खर्ची पडतं. मग माणूस बरळतो, डोळे नीट फिरत नाहीत, चाल अडखळते. जेवण सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा गोंधळ दिसला तर 'अशक्तपणा आहे, झोपू द्या' म्हणून सोडू नये. ही तातडीची वेळ आहे.

दहा दिवसांहून जास्त पोटात जवळपास काही नाही, किंवा तीन ते सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त उतरलंय, किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या खाली : यातलं एकही असेल तरी रुग्णालयच. तिथे जेवणाच्या आधी थायमिन, सुरुवात किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० कॅलरींपासून, अगदीच वाईट अवस्थेत ५ पासून, आणि रोज रक्त तपासत चढवत न्यायचं. गोणपाट यांचे ४,००० हे नंतरचे आठवडे, पहिला दिवस नव्हे.

दप्तरी

१९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतली बर्गन-बेल्सन ही नाझी छळछावणी मुक्त झाली तेव्हा सैनिकांनी कळवळून स्वतःचं डबाबंद जेवण वाटलं आणि त्याने माणसं दगावली. मग 'बंगाल दुष्काळ मिश्रण' आणलं : दुधाची भुकटी, साखर, पीठ. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं. ते इतकं गोड होतं की पूर्व युरोपातल्या कित्येकांना घशाखाली उतरेना. प्रथिनांची इंजेक्शनं देऊ गेले तर सुई पाहून रुग्ण किंचाळू लागले, कारण छावणीत सुई म्हणजे मरण. हिशोबात बसणारं अन्न तोंडातही बसावं लागतं.

हिंगाष्टक

मुलांबद्दल वैदूंनी लिहितो म्हटलं होतं, मी थोडं लिहिते. मेळघाट, नंदुरबार भागात पोषण पुनर्वसन केंद्रांतून हे काम चालतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज, की ते मूल तीव्र कुपोषित. सूज बघायची ती पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून. खळगा राहिला तर सूज. सुजेमुळे मूल गुटगुटीत दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात, ही नेहमीची फसगत.

मनाची लक्षणं मोठ्यांपेक्षा गप्प असतात. मूल रडत नाही, खेळणं पुढे धरलं तरी हात पुढे करत नाही, आई उठून गेली तरी मान वळवत नाही. किंवा नुसतं किरकिरतं आणि वाटी ढकलून देतं. 'शांत आहे, त्रास देत नाही' असं कुणी सांगितलं की आधी दंड मोजावा. भूक मेलेली असणं हे भूक असण्यापेक्षा वाईट लक्षण.

पहिल्या टप्प्यात एफ-७५ नावाचं पातळ दूध, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी. तयार पाकीट नसेल तिथे दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्याची पूड यांचं ठरलेल्या मापाने करतात. किलोमागे दिवसाला १३० मिलि, सूज जास्त असेल तर १००. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीचे दोन घोट चुकले की पहाटे रक्तातली साखर उतरते आणि मूल थंड पडतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भूक परतली, सूज उतरू लागली की एफ-१०० हे त्याहून दाट दूध, आधी दोन दिवस तेवढ्याच मापाने. लोहाचं औषध वजन वाढायला लागेपर्यंत थांबवायचं.

आणि औषधाच्या तक्त्यावरच असायला हवी अशी गोष्ट : रोज १५ ते ३० मिनिटं खेळ. खुळखुळा, झाकणं, बडबडगीत, आईच्या मांडीवर. केंद्रात जागा कमी आणि परिचारिका एक असली की तक्त्यातला पहिला काट यावरच बसतो. मूल जगतं, वजन घेतं, पण बोलणं-खेळणं मागे राहतं.

चतकोर

आणि पोटातल्या बाळाचं?

वैदू

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली. तिथे जन्मनोंदी चोख, म्हणून कोणत्या महिन्यात गर्भ उपाशी राहिला ते सांगता येतं. गर्भ राहण्याच्या सुमारास आणि पहिल्या काही महिन्यांत आईची कडक उपासमार झाली त्या मुलांत मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रमांच्या मानसिक आजाराचं) प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. पण बुद्धीच्या चाचणीत, सैन्यभरतीच्या वेळी १८-१९ वर्षांच्या मुलांत, फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात, नाहीतर एकाच वाक्याने घबराट होते.

अधेली

शेवटचा प्रश्न. लांबलेल्या आजारातून उठलेला माणूस, डॉक्टरांनी जेवायला मोकळीक दिलेली. तो उशीखाली बिस्किटं ठेवतो, रात्री उठून डबे उघडतो, वाढताना कमी पडेल म्हणून कावतो. घरच्यांनी काय करावं?

गोणपाट

डबे उघडे राहू द्यावेत. कुलूप, टोमणा, 'आत्ताच तर जेवलास' हे तिन्ही टाळावं. जेवणाच्या वेळा घड्याळाप्रमाणे ठेवाव्यात आणि पुढचं जेवण किती वाजता, काय, हे आधीच सांगून टाकावं. अन्न येणार याची खात्री हळूहळू बसते. रात्रीसाठी उशाशी झाकणाचा डबा भरून ठेवावा, लाडू, चिक्की, काहीही, आणि सकाळी न विचारता पुन्हा भरावा. मोजू नये. काही आठवड्यांनी तो भरलेलाच सापडायला लागतो. पाच-सहा महिने झाले तरी रिकामाच सापडत असेल, किंवा खाऊन ओकणं सुरू झालं, तर डॉक्टरांना सांगावं.

हिंगाष्टक

फक्त मधुमेह असेल तर डब्यात काय ठेवायचं ते आधी विचारून घ्या. फुटाणे, दाणे चालतात बहुतेकांना.